हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) : राज्यकारभाराची फेररचना आणि सेवकांचा हक्क



सरकारी नोकरीचे मोल नाशिककरांना सांगावे लागत नाही. नाशिकरोडचे दोन सरकारी छापखाने, एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र, ओझरचा विमान कारखाना, एस.टी.ची आगारे, टपाल आणि दूरसंचार कार्यालये यांच्या पगारावर या परिसरातील अनेक पिढ्या वाढल्या. १९२८ साली नाशिकच्या छापखान्यात पाच रुपयांची नोट छापली गेली, तेव्हापासून येथील कामगार देशाचा पैसा आपल्या हातांनी छापत आला आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत या संस्थांची रचना पालटली. १ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याची सेवा भारत संचार निगमकडे गेली. ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या. १३ जानेवारी २००६ रोजी केंद्र सरकारचे छापखाने, टांकसाळी आणि कागद कारखाना अशा नऊ घटकांसाठी एक महामंडळ स्थापन झाले व नाशिकरोडचे दोन्ही छापखाने त्यात गेले. भारत संचार निगमच्या २०१९ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत तर देशभरातील सुमारे ७८ हजार कर्मचारी ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी सेवेतून बाहेर पडले.

काही महिन्यांपूर्वी जुम्याच्या नमाजनंतर एक तरुण माझ्याजवळ थांबला. तो एका सार्वजनिक सेवेत काम करतो, परंतु कंत्राटदारामार्फत. शेजारचा कायम कर्मचारी जे काम करतो तेच तो करतो. पगार मात्र निम्म्याहून कमी, आणि तोही दोन महिन्यांपासून थकलेला. त्याने मला विचारले की, आमच्यासाठी दीनमध्ये सब्र करण्यापलीकडे काही सांगितले आहे काय? त्या दिवशी मी त्याला थोडक्यात उत्तर दिले. पूर्ण उत्तर एका थोर पुरुषाच्या चरित्रात आहे. तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

दूधवालीचा नातू

हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांचा जन्म हिजरी सन ६१ च्या सुमारास झाला. त्यांचे वडील अब्दुल अजीज बिन मरवान हे उमय्या राजघराण्यातील असून वीस वर्षे मिसरचे सुभेदार होते. आई उम्मे आसिम ही दुसरे खलीफा हजरत उमर फारूक (रजि.) यांची नात. चरित्रग्रंथांत सांगितले जाते की, हजरत उमर फारूक (रजि.) एका रात्री मदीनेत गस्त घालीत असता एका घरात माय-लेकींचा वाद त्यांच्या कानी पडला. आई दुधात पाणी घालण्यास सांगत होती. खलीफा पाहत नसला तरी अल्लाह पाहतो, असे म्हणून मुलगी नकार देत होती. हजरत उमर (रजि.) यांनी तीच मुलगी आपल्या आसिम या मुलासाठी सून म्हणून आणली. आपल्या चरित्रनायकाची ती आजी होय. एका बाजूला राजवैभव आणि दुसऱ्या बाजूला ही निर्भेळ प्रामाणिकता, असा दुहेरी वारसा त्यांना लाभला.

तारुण्यात मात्र पहिल्या वारशाचाच प्रभाव अधिक दिसतो. शिक्षणासाठी ते मदीनेत राहिले, थोर विद्वानांच्या सहवासात वाढले. पण उंची वस्त्रे, किमती अत्तरे आणि ऐटदार चाल यांसाठीही ते प्रसिद्ध होते. खलीफा अब्दुल मलिक यांची कन्या फातिमा ही त्यांची पत्नी झाली. वाचकहो, हे मुद्दाम सांगतो. पुढे ज्याने बैतुलमालच्या, म्हणजे सार्वजनिक कोषागाराच्या, एका दिरहमचाही हिशेब ठेवला, तो माणूस गरिबीत वाढलेला नव्हता. काय सोडावे लागते हे ठाऊक असूनच त्याने ते सोडले.

मदीनेचे सुभेदारपद आणि एक जखम

हिजरी सन ८७ (इ. स. ७०६) मध्ये खलीफा वलीदने त्यांना मदीनेचे सुभेदार नेमले. तेथे पोहोचताच त्यांनी शहरातील दहा धर्मशास्त्रज्ञांना बोलावून त्यांचे सल्लागार मंडळ स्थापन केले. त्यांच्या सल्ल्याशिवाय महत्त्वाचा निर्णय करणार नाही, असे त्यांनी ठरविले आणि कोणा अंमलदाराकडून जुलूम होत असल्याचे कानी आल्यास तो आपल्यापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारीही त्यांच्यावर सोपविली. मस्जिदे नबवीचा विस्तार याच काळात त्यांच्या देखरेखीखाली झाला.

परंतु याच सुभेदारपदाच्या काळात त्यांच्या हातून एक गोष्ट घडली, जिचा पश्चात्ताप त्यांना आयुष्यभर जाळीत राहिला. हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांचे पुत्र खुबैब यांना फटके मारावेत, असा वलीदचा हुकूम आला. सुभेदाराने तो अमलात आणला. फटक्यांनंतर कडाक्याच्या थंडीत खुबैब यांच्या अंगावर गार पाणी ओतण्यात आले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. हुकूम वरून आला होता, पण हात आपला होता, हे उमर (रह.) कधीही विसरले नाहीत. पुढे कोणी त्यांच्या सत्कार्याची स्तुती करून परलोकातील शुभवार्ता सांगू लागला की ते खुबैबची आठवण काढून खिन्न होत.

वाचकहो, प्रत्येक सरकारी सेवकाने ही घटना मनावर कोरून ठेवावी. वरिष्ठांचा आदेश हे कार्यालयातील उत्तर असू शकते. अल्लाहच्या न्यायालयात ते पुरेसे ठरत नाही. थकलेल्या बिलावर सही अडवून ठेवणारा हातही कोणाचा तरी हातच असतो.

इराकचा सुभेदार हज्जाज बिन यूसुफ याच्या जुलमाला कंटाळून पळालेल्या लोकांना मदीनेत आसरा मिळत असे. हज्जाजने त्याबद्दल खलीफाकडे तक्रार केली आणि हिजरी सन ९३ मध्ये उमर (रह.) यांचे पद गेले. पद जाणे म्हणजे काय, हे त्यांनी अशा रीतीने स्वतः अनुभवले.

आरंभ स्वतःपासून

हिजरी सन ९९ च्या सफर महिन्यात (इ. स. ७१७) खलीफा सुलैमान दाबिक येथे मरण पावला. त्याचे मोहोरबंद मृत्युपत्र रजा बिन हैवा यांनी वाचून दाखविले, तेव्हा त्यात उमर (रह.) यांचे नाव निघाले. त्यांना ही जबाबदारी नको होती. लोकांना त्यांनी आपल्या निष्ठेच्या शपथेतून मोकळे करून दुसरा कोणी निवडण्यास सांगितले. लोकांनी त्यांनाच पुन्हा स्वीकारले.

यानंतर जे घडले, त्यातच आपल्या विषयाचे सार आहे. कोषागाराची घडी बसवायची होती, खर्च आटोक्यात आणायचा होता, बिघडलेली यंत्रणा सुधारायची होती. आजच्या भाषेत याला पुनर्रचना म्हणतात. पुनर्रचनेत काटकसरीचा पहिला घाव कोणावर पडतो, यावरून तिची नियत ओळखावी. उमर (रह.) यांनी तो घाव प्रथम स्वतःवर घेतला. राजेशाही घोडे समोर आणले गेले, तेव्हा ते विकून रक्कम बैतुलमालमध्ये भरण्याचा हुकूम झाला. स्वतः ते आपल्या नेहमीच्या जनावरावर बसले. वारशाने आलेल्या ज्या जमिनींचा हक्क त्यांना संशयास्पद वाटला, त्या त्यांनी परत केल्या. पत्नी फातिमा यांना वडिलांकडून मिळालेली रत्ने एकतर बैतुलमालमध्ये जातील किंवा आपण दोघे वेगळे होऊ, असा पर्याय त्यांनी ठेवला. त्या साध्वीने रत्ने दिली.

नंतर पाळी आली राजघराण्याची. बनू मरवानच्या सरदारांनी बळकावलेल्या जमिनींच्या सनदा मागविण्यात आल्या आणि मिळकती मूळ हक्कदारांकडे गेल्या. घराण्यात खळबळ उडाली. मन वळविण्यासाठी वडीलधाऱ्या आत्याला पाठविण्यात आले. उमर (रह.) यांनी तिचा पूर्ण मान राखला, पण निर्णयात तसूभरही बदल केला नाही.

कारभाराची फेररचना

घर नीट केल्यावर त्यांनी कारभाराकडे मोर्चा वळविला. हज्जाजच्या काळापासून इराक आणि पूर्वेकडील अफाट प्रदेश बहुधा एकाच सुभेदाराच्या मुठीत असत. त्यांनी तो अधिकार विभागला. कूफा, बसरा आणि खुरासान येथे वेगवेगळे सुभेदार नेमले. खुरासानचा बलाढ्य सुभेदार यजीद बिन मुहल्लब याने जिंकलेल्या संपत्तीपैकी राज्याच्या वाट्याची मोठी रक्कम कळविली होती, पण ती भरली नव्हती. त्याच्याकडे हिशेब मागण्यात आला आणि तो देता न आल्याने त्याला तुरुंगात जावे लागले. मिसरचा कठोर वसुली अधिकारी उसामा बिन जैद तनूखी यालाही पदावरून दूर करण्यात आले. कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यात उपासमारीने खंगलेल्या फौजेला त्यांनी रसद पाठवून परत बोलाविले.

आता लक्ष द्या, वाचकहो. नोकऱ्या गेल्या, पण कोणाच्या? ज्यांच्याविरुद्ध रयतेची गाऱ्हाणी होती आणि ज्यांना हिशेब देता येत नव्हता, त्यांच्या. उरलेल्या अंमलदारांचे वेतन त्यांनी घटविले नाही. इब्न कसीर यांच्या इतिहासात नोंद आहे की, अंमलदारांना ते दरमहा शंभर-दोनशे दीनार देत. सेवक घरच्या चिंतेतून मुक्त असेल, तर लोकांच्या कामात पूर्ण मन घालील, अशी त्यांची धारणा होती. अंमलदारांना इतके देता, मग स्वतःच्या कुटुंबाला का नाही, असे विचारले गेले. त्यांचा हक्क मी अडवणार नाही आणि इतरांचा हक्क माझ्या घरच्यांना देणार नाही, या आशयाचे त्यांचे उत्तर होते. पुरेसे वेतन दिल्यावर त्यांनी सेवकांना दोन बंधने घातली : पदावर असताना व्यापार करू नये आणि भेटवस्तू स्वीकारू नये.

पैशावर पहिला हक्क कोणाचा?

या संपूर्ण चरित्रातील जो प्रसंग मी त्या तरुणाला सांगितला, तो आता सांगतो. इमाम अबू उबैद यांच्या किताबुल अमवाल या ग्रंथात तो आला आहे. इराकमधील अंमलदार अब्दुल हमीद यांना खलीफांनी लिहिले की, लोकांची ठरलेली वेतने चुकती करा. अब्दुल हमीदनी कळविले की, ती देऊनही कोषागारात रक्कम उरली आहे. मग हुकूम झाला की, उधळपट्टीमुळे नव्हे तर अडचणीमुळे जे कर्जबाजारी झाले, त्यांचे कर्ज फेडा. तेही झाले, तरी रक्कम उरली. मग ज्यांना पैशाअभावी विवाह करता येत नाही, त्यांचे विवाह करून देण्यास सांगण्यात आले. तरीही उरले. तेव्हा जे जिझिया देणारे, म्हणजे मुस्लिमेतर, शेतकरी साधनांअभावी जमीन कसू शकत नाहीत त्यांना उसनी रक्कम देण्याचा आदेश गेला.

या क्रमाकडे पाहा. सर्वांत आधी वेतन. शिल्लक किती, बचत किती, हा प्रश्न त्यानंतरचा. आधी शिल्लक दाखवायची आणि त्यासाठी वेतन थकवायचे, हा उलटा क्रम त्यांच्या कारभारात नव्हता. मजुराची मजुरी विनाविलंब द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आपण सर्व जाणतो. उमर (रह.) यांनी ती राज्याच्या अंदाजपत्रकाचा नियम बनविली.

वीस हजार बिनपगारी

खुरासानहून एक शिष्टमंडळ खलीफांकडे आले. त्यातील अबू सैदा नावाच्या गृहस्थाने खलीफांपुढे एक गाऱ्हाणे मांडले. खुरासानच्या फौजेत वीस हजार अरबेतर मुसलमान वेतन आणि शिधा न मिळता लढत आहेत. आणि तितक्याच लोकांनी इस्लाम स्वीकारूनही त्यांच्याकडून पूर्वीचा कर वसूल केला जात आहे. या अरबेतरांना अरबी भाषेत मवाली म्हणत. मराठीत या शब्दाला जो हलका अर्थ चिकटला आहे तो येथे मनात आणू नये. अरब सैनिकाच्या खांद्याला खांदा लावून ते लढत, पण त्यांची नावे वेतनपटावर नव्हती.

कामाच्या वेळी आपले आणि पगाराच्या वेळी परके, ही वागणूक तेराशे वर्षे जुनी आहे. उमर (रह.) यांनी सुभेदार जर्राह बिन अब्दुल्लाह यांना कर थांबविण्याचा हुकूम दिला. लोक केवळ कर चुकविण्यासाठी मुसलमान होत आहेत, अशी शंका घेऊन तेथे त्यांची परीक्षा घेण्याचे घाटू लागले, तेव्हा अल्लाहने आपल्या प्रेषिताला सत्याकडे बोलावणारा म्हणून पाठविले, या आशयाची कडक समज त्यांनी दिली आणि अखेर जर्राह यांना पदावरून हटविले. इतिहासकार बलाजुरी यांनी नोंदविले आहे की, खुरासानात इस्लाम स्वीकारणाऱ्यांना त्यांनी वेतने लावून दिली आणि त्या मार्गावर प्रवाशांसाठी सराया बांधल्या.

महसूल घटेल, अशी तक्रार अनेक अंमलदारांनी केली. महसूल घटला तरी चालेल, पण जुलमाने तो वाढता कामा नये, ही खलीफांची भूमिका अढळ राहिली.

सेवकाची अमानत

हक्काची ही एक बाजू झाली. दुसरी बाजू सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही, कारण उमर (रह.) यांनी सेवकांना जेवढे दिले तेवढेच त्यांच्याकडून मागितलेही. मदीनेचे अंमलदार इब्न हज्म यांनी कागद आणि मेणबत्त्या यांसाठी जादा तरतूद मागितली. खलीफांनी त्यांना लेखणी बारीक करून ओळी जवळजवळ लिहिण्यास सांगितले आणि मेणबत्तीविना अंधारातून ये-जा करण्याच्या जुन्या दिवसांची आठवण करून दिली. सरकारी काम संपून खाजगी बोलणे सुरू झाले की ते बैतुलमालच्या तेलावर चालणारा दिवा विझवून स्वतःचा दिवा लावीत, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. काटकसर त्यांनी कागदात केली, तेलात केली. माणसाच्या ताटात केली नाही.

हाताखालच्या माणसाशी कसे वागावे, याचाही एक प्रसंग प्रसिद्ध आहे. रात्री पाहुणा बसलेला असता दिवा मंदावला. नोकर झोपला होता. पाहुण्याने त्याला उठविण्याविषयी सुचविले, स्वतः उठण्याची तयारीही दाखविली. उमर (रह.) यांनी दोन्ही नाकारले. ते स्वतः उठले, तेल घालून परतले आणि उठलो तेव्हाही मी उमर होतो व बसलो तेव्हाही उमरच आहे, अशा अर्थाचे बोलले. दिवसभर राबलेल्या माणसाची झोप हाही त्याचा हक्क आहे, हे त्यांनी कृतीने दाखविले.

घाई नको, पण दिशा हवी

त्यांचा तरुण मुलगा अब्दुल मलिक याला सुधारणांची घाई होती. सर्व अन्याय एकदम का दूर करीत नाही, असे तो विचारी. सर्व सत्य एकाच वेळी लोकांवर लादले तर ते सर्वच झुगारून देतील, म्हणून रोज एक वाईट प्रथा मोडावी आणि एक चांगली प्रथा जिवंत करावी, असे वडिलांनी त्याला समजाविले. हा गुणी मुलगा वडिलांच्या हयातीतच वारला.

खलीफांना काळही थोडाच लाभला. हिजरी सन १०१ च्या रजब महिन्यात (इ. स. ७२०) दैर सिमआन येथे, वयाच्या सुमारे चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. विषप्रयोग झाल्याचे सांगितले जाते. विष देणाऱ्या नोकराला मिळालेली रक्कम बैतुलमालमध्ये भरून त्यांनी त्याला निघून जाऊ दिले, अशीही कथा आहे. खिलाफत अवघी अडीच वर्षे चालली. पुढचा खलीफा यजीद याने फातिमा यांना त्यांची रत्ने परत देऊ केली. पती जिवंत असताना दिलेली वस्तू त्याच्या मृत्यूनंतर मी घेणार नाही, असे सांगून त्यांनी ती नाकारली.

सुधारणा मात्र टिकल्या नाहीत. यजीदच्या काळात अनेक निर्णय फिरविले गेले आणि नवमुस्लिमांवरील करही पुन्हा लादला गेला. एका न्यायी माणसावर अवलंबून असलेला न्याय त्या माणसाबरोबर जातो, हा या चरित्रातील कटू धडा आहे.

आपल्यासाठी

म्हणून वाचकहो, हक्क कागदावर यावा लागतो आणि तो मागणारेही असावे लागतात. अबू सैदा शेकडो कोस चालून गेला नसता, तर वीस हजारांची नावे खलीफांच्या कानी पडली नसती. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने हे तत्त्व मान्य केले की, कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी सेवेतील हंगामी कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतनाचे तत्त्व लागू असल्याचे सांगितले. नऊ खाजगी संस्थांमार्फत शासनाची पदे भरण्याचा महाराष्ट्र सरकारचा २०२३ मधील निर्णय लोकांचा विरोध झाल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मागे घेतला गेला. सनदशीर मार्गाने आपला हक्क मागणे सब्रच्या विरुद्ध नाही. सब्र म्हणजे सत्यावर टिकून राहणे. अन्यायापुढे मूक होणे नव्हे.

त्या तरुणाला मी तीन गोष्टी सांगितल्या, त्या आपल्यालाही सांगतो. थकलेला पगार ही कोणाची कृपा नाही, तो हक्क आहे. त्यासाठी लेखी अर्ज द्यावा, सोबत्यांसह द्यावा आणि संघटनेची मदत घ्यावी. हक्क मिळेपर्यंतही हातातील काम अमानत समजून करावे. आणि आपल्यापैकी ज्याच्या हाती सहीचा अधिकार आहे, किंवा ज्याच्या घरी, दुकानी, मदरशात वा मस्जिदीत कोणी वेतनावर काम करतो, त्याने आज रात्रीच हिशेब पाहावा की कोणाचा पगार आपल्याकडे राहिला आहे काय. मस्जिदीच्या खादिमाचे मानधन थकवून मिनाराला रंग देणाऱ्या जमातीला सरकारकडे बोट दाखविण्याचा अधिकार उरत नाही.

अल्लाह आपल्या राज्यकर्त्यांना न्यायाची, अधिकाऱ्यांना उत्तरदायित्वाची आणि आपणा सर्वांना दुसऱ्याचा हक्क वेळेवर देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.